एमएस प्रोजेक्टला दिवाळी कळत नाही, शिकवावी लागते

आधीच सांगते, हा अख्ख्या एमएस प्रोजेक्टचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या कामाचं वेळापत्रक बनवायच्या सॉफ्टवेअरचा, रिव्ह्यू नाही, त्यावर यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ पडलेत. मला बोलायचंय ते फक्त एका खिडकीबद्दल, प्रोजेक्ट टॅबमधल्या चेंज वर्किंग टाईमबद्दल, जिथे सुट्ट्या भरायच्या असतात. मी पुण्यात बिल्डिंगच्या कामांचं प्लॅनिंग करते, डेस्कटॉप व्हर्जन वापरते, आणि माझं स्पष्ट मत आहे की साइटवर ज्या शेड्युलला लोक हसतात त्यातली निम्मी तरी याच खिडकीत बिघडलेली असतात. लॉजिक बरोबर, ड्युरेशन बरोबर, आणि प्लास्टरचं काम सुरू होतंय लक्ष्मीपूजनाला!

सॉफ्टवेअर टाकल्यावर तीन कॅलेंडर आयती मिळतात. स्टँडर्ड, ट्वेंटीफोर अवर्स आणि नाईट शिफ्ट. स्टँडर्ड म्हणजे सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते १२ आणि दुपारी १ ते ५. बास. सुट्टी एकही नाही. २६ जानेवारी नाही, १५ ऑगस्ट नाही, ख्रिसमससुद्धा नाही, म्हणजे भेदभाव केलाय असं तरी म्हणता येणार नाही. आउटलुकमध्ये देश निवडला की सुट्ट्या येऊन बसतात, तीच कंपनी, तरी इथे ती सोय नाही, हे मला आजही पटत नाही. एवढं महागाचं सॉफ्टवेअर घ्या आणि मग भिंतीवरचं कालनिर्णय काढून एकेक तारीख हाताने टाइप करत बसा.

बरं, भरायचं कुठे. पहिली गोष्ट, स्टँडर्डला हात लावू नका. क्रिएट न्यू कॅलेंडर करून त्याची कॉपी काढा आणि नीट नाव द्या, "पुणे साइट ६ दिवस" असं काहीतरी, कारण उद्या दुसऱ्या कोणाची फाईल तुमच्या फाईलला जोडली की दोघांकडे स्टँडर्डच नावाची दोन वेगळी कॅलेंडर असतात आणि मग कोण खरं ते शोधत बसायचं. नवीन कॅलेंडर बनवलं की काम झालं असं पण नाही हं, प्रोजेक्ट इन्फॉर्मेशनमध्ये जाऊन ते निवडावं लागतं, नाहीतर ते नुसतं यादीत पडून राहतं आणि शेड्युल स्टँडर्डवरच चालतं.

खाली दोन टॅब आहेत, एक्सेप्शन्स आणि वर्क वीक्स. इथे बऱ्याच नवख्यांचा घोळ होतो. रोजची घडी, म्हणजे शनिवार चालू, वेळ ९ ते ६, जेवणाची सुट्टी १ ते २, हे सगळं वर्क वीक्समधल्या डिफॉल्ट ओळीवर डिटेल्स दाबून भरायचं. एक्सेप्शन्स म्हणजे त्या घडीला अपवाद, फक्त सणवार आणि बंद. मी अशा फाईली बघितल्यात ज्यात वर्षभराचे सगळे शनिवार एक्सेप्शनमध्ये "वर्किंग" म्हणून एकेक करून टाकलेत. चालतं ते, पण पुढच्या वर्षाचे शनिवार परत बंद, आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही. वर्क वीक्सचा खरा उपयोग पावसाळ्यात आहे, जून ते सप्टेंबरचा एक वेगळा वर्क वीक टाकायचा आणि त्यात तास कमी करायचे, बाकीच्या आठ महिन्यांना धक्का लागत नाही. खोदाई, वॉटरप्रूफिंग, बाहेरचं प्लास्टर यांना मी वेगळं टास्क कॅलेंडर देते ज्यात भर पावसाचे महिने सरळ बंद, आतली कामं मात्र साइटच्या कॅलेंडरवर चालू. हा भाग एमएस प्रोजेक्टने खरंच चांगला केलाय, मनापासून मार्क द्यावेत असा.

आता तो ०.८८ दिवस. हा आकडा ज्यांनी ज्यांनी हे सॉफ्टवेअर वापरलंय त्यांनी कधी ना कधी बघितलेला असणार. कॅलेंडर तुम्ही ९ ते ६ केलंत, पण फाईल, ऑप्शन्स, शेड्युल इथे डिफॉल्ट वेळ अजून सकाळी ८ ते संध्याकाळी ५ च आहे. दोन्ही एकमेकांशी बोलत नाहीत. मग तुम्ही एका दिवसाच्या टास्कची फिनिश तारीख हाताने टाकली की सॉफ्टवेअर त्याला आपलं ५ वाजताचं शेपूट लावतं, काम ९ ला सुरू होऊन ५ ला संपलं, जेवणाचा तास वजा, राहिले ७ तास, ७ भागिले ८ म्हणजे ०.८७५, स्क्रीनवर ०.८८. मग मॅनेजर विचारतो हे काय, आणि नवा इंजिनिअर तो आकडा खोडून १ लिहितो, मग तारीख ६ वाजेपर्यंत सरकते, मग पुढचं टास्क दुसऱ्या दिवशी जातं. त्याच पानावर आठवड्याचे तास ४० आणि महिन्याचे दिवस २० असतात ते पण बदला. सहा दिवसांच्या साइटला ४८ तास आणि २६ दिवस. नाहीतर तुम्ही टास्कला "एक आठवडा" लिहिता आणि ते पाचच दिवस धरतं. गंमत म्हणजे चेंज वर्किंग टाईमच्या खिडकीतच खाली ऑप्शन्सचं बटण दिलेलंय, म्हणजे त्यांना माहितीय की दोन्हीचा संबंध आहे, मग जुळत नसेल तर एक इशारा द्यायला काय होतं?

सणांकडे येऊ. ठरलेल्या तारखांचं सोपं आहे, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, एक्सेप्शन टाकायचं, डिटेल्समध्ये इयरली करायचं, पाच वर्षांचं एकदम होतं. ऑफिसवाल्यांना दुसरा आणि चौथा शनिवार लागतो (बँका १ सप्टेंबर २०१५ पासून या शनिवारी बंद असतात, त्यामुळे पेमेंटच्या टास्कला पण तेच कॅलेंडर लावा), तर मंथलीमध्ये "सेकंड सॅटरडे" असा पर्याय तयार आहे, दोन ओळीत काम झालं. इथपर्यंत फर्स्ट क्लास.

पण आपले सण तिथीवर. गणेश चतुर्थी २०२४ ला ७ सप्टेंबरला होती, २०२५ ला २७ ऑगस्टला आली आणि २०२६ ला थेट १४ सप्टेंबर, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. म्हणजे दोन वर्षं अकरा-अकरा दिवस मागे जायचं आणि अधिक महिना आला की एकदम उडी मारून पुढे. इयरली रिकरन्सने हे कधीच होणार नाही. त्यामुळे गणपती, दसरा, दिवाळी, होळी, पाडवा, ईद हे दरवर्षी वेगळ्या ओळी करूनच भरावे लागतात, दुसरा रस्ता नाही. कोणी इयरली लावून ठेवलेला दसरा मी बघितलाय, २०२५ ला तो नेमका २ ऑक्टोबरला गांधी जयंतीच्याच दिवशी आला होता, ते धरून पुढच्या सगळ्या वर्षांचा दसरा २ ऑक्टोबरला. देवीने पण हात जोडले असते.

आणि सरकारी यादी एकदा भरली की संपलं असंही नाही. २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आले म्हणून ईदची सुट्टी २९ ला केली. २०२५ ला तर मुंबई शहर आणि उपनगरासाठी ईदची सुट्टी ५ सप्टेंबरऐवजी ८ ला, बाकी महाराष्ट्रात ५ च. म्हणजे पुण्याचं आणि मुंबईचं कॅलेंडर त्या वर्षी वेगळं, एकाच कंपनीच्या दोन साइट असल्या तरी. मतदानाचं पण तसंच, २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं, वर्षाच्या सुरुवातीला भरलेल्या कुठल्या कॅलेंडरमध्ये ते असणार? म्हणून सुट्टीच्या ओळीला नाव नीट द्या, "ईद, शासन बदल" असं. नावाचा रकाना रिकामा सोडला तर सॉफ्टवेअर अडवत नाही, पण सहा महिन्यांनी ती ओळ कशाची हे तुम्हालाच कळत नाही.

कागदावरच्या सुट्ट्या वेगळ्या आणि साइटवरच्या वेगळ्या, हे तर सगळ्यांना माहितीय. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात आठ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत, चार राष्ट्रीय-राज्याच्या ठरलेल्या आणि चार आपसात ठरवायच्या. एचआर ती आठची यादी पाठवतं आणि ज्युनिअर प्लॅनर ती जशीच्या तशी भरतो. आणि मग दिवाळीनंतर शटरिंगची गँग छठपूजेला गावाला असते, छठ दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येते, तिकीट काढून गेलेला माणूस भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कसा हजर होणार. होळीला परत तेच. गणपतीत कोकणातली मंडळी पाच दिवस नसतात हे कुठल्या यादीत लिहिलेलं नसतं पण साइटवरचा चहावाला पण सांगेल.

यासाठी रिसोर्स कॅलेंडर आहे. रिसोर्स म्हणजे टास्कला लावलेला माणूस किंवा गँग, प्रत्येकाचं आपलं वेगळं असतं, शटरिंग गँगला छठ आणि होळीचे दिवस बंद करा, इलेक्ट्रिशियनला नको. आमचा स्टीलचा फॅब्रिकेटर भोसरीचा, तिकडे एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी, रविवारी चालू. साइटला रविवार बंद, गुरुवार चालू. त्याला साइटचंच कॅलेंडर लावलं तर ग्रिलची डिलिव्हरी कायम गुरुवारी दाखवतं आणि तुम्ही फोन करत बसता. त्याचं वेगळं बेस कॅलेंडर (म्हणजे ज्याच्यावर रिसोर्सचं कॅलेंडर उभं असतं ते) करून रिसोर्स इन्फॉर्मेशनमधून लावलं की प्रश्न मिटतो.

पण इथे एक खोच आहे जी हेल्पमध्ये कुठेतरी कोपऱ्यात असते. टास्कला माणूस लावला की टास्क प्रोजेक्टचं कॅलेंडर सोडून त्या माणसाचं कॅलेंडर धरतं. आणि प्रोजेक्ट इन्फॉर्मेशनमध्ये तुम्ही नंतर कॅलेंडर बदललंत तरी आधी भरलेल्या रिसोर्सचं बेस कॅलेंडर जुनंच राहतं. त्यामुळे तुम्ही सगळ्या सुट्ट्या नव्या कॅलेंडरला भरता आणि निम्मी टास्क मजेत सुट्टीच्या दिवशी काम करत राहतात, आणि शनिवारी घरी बसतात. रिसोर्स शीटमध्ये बेस कॅलेंडरचा कॉलम असतो, तो एकदा वरपासून खालपर्यंत ओढून घ्या. टास्कला टास्क कॅलेंडर पण आहे आणि रिसोर्स पण आहे असं असेल तर दोघांची सामाईक वेळ धरली जाते, ती नसली तर सॉफ्टवेअर तक्रार करतं, आणि ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये रिसोर्स कॅलेंडरकडे दुर्लक्ष कर अशी खूण करायची सोय आहे. रात्रीच्या स्लॅबसाठी मी ती वापरते.

स्लॅब म्हटलं की क्युरिंग, म्हणजे पाणी मारून काँक्रीट ओलं ठेवणं. काँक्रीटला दिवाळी नसते, ते रविवारी पण घट्ट होतं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, फ्लाय ॲशवालं किंवा ब्लेंडेड सिमेंट असेल तर १० दिवस ओलं ठेवायचं. हे दिवस कॅलेंडरचे, कामाचे नाहीत. आता समजा स्लॅब शनिवारी १८ ऑक्टोबर २०२५ ला टाकला, साइट २१ ते २३ दिवाळीला बंद आणि रविवार बंद. क्युरिंगला साधे "१० दिवस" लिहिलेत तर सॉफ्टवेअर सुट्ट्या वगळत वगळत ३ नोव्हेंबरला पोचतं. प्रत्यक्षात दहा दिवस २८ ऑक्टोबरलाच संपतात. सहा दिवस एका स्लॅबला, आणि इमारत बारा मजली असेल तर सुट्टीच्या प्रत्येक फटीत थोडे थोडे दिवस असेच गळतात. उपाय सोपाय, ड्युरेशन लिहिताना दिवसाच्या आधी ई लावायचा, १०ईडी, म्हणजे एलॅप्स्ड डेज (ती ईडी नाही, घाबरू नका). टेकू काढायला थांबायचं असेल तर लॅगला, म्हणजे दोन टास्कमधल्या थांबायच्या वेळेला, पण हेच लावता येतं, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४, सगळं ईडीत. ही सोय मला या सॉफ्टवेअरमधली सगळ्यात आवडती. फक्त एवढंच, शेड्युल सांगतं की दिवाळीत क्युरिंग चालू आहे, तेव्हा वॉचमनला पाणी मारायला सांगितलंय का ते बघा.

दिसण्याबद्दल थोडं. गँटमध्ये, म्हणजे टास्क आडव्या बारने दाखवणाऱ्या तक्त्यात, सुट्टीचे करडे पट्टे येतात ते फक्त एका कॅलेंडरचे, म्हणजे प्रोजेक्टचे. गँग गावाला गेलीय हे पट्ट्यात दिसणार नाही, बार मात्र लांबलेला दिसतो आणि क्लायंट विचारतो चार दिवसांचं काम दहा दिवस का. टाइमस्केलवर डबल क्लिक करून नॉन-वर्किंग टाईममध्ये दुसरं कॅलेंडर निवडता येतं, आणि पट्टे बारच्या पुढे आणता येतात, मी प्रिंट काढताना तेच करते, बार तुटल्यासारखा दिसतो आणि बोलणं कमी होतं.

अजून एक, नवीन टास्क डिफॉल्टने मॅन्युअली शेड्युल्ड येतात. अशा टास्कवर तुम्ही नंतर कितीही सुट्ट्या भरा, ती जागची हलत नाहीत. खाली स्टेटस बारवरून ऑटो करून घ्या, पहिल्या दिवशीच. मला कळत नाही शेड्युलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये शेड्युल न करणं हे डिफॉल्ट कोणी ठेवलं.

आता सगळ्यात चीड आणणारा भाग. चुकून बनवलेलं कॅलेंडर डिलीट करायचंय? त्या खिडकीत बटणच नाही. नाव बदलायचंय? तेही नाही. फाईल, इन्फो, ऑर्गनायझर, तिथे कॅलेंडर्सचा टॅब, तिथून. त्याच ऑर्गनायझरमधून कॅलेंडर ग्लोबलला, म्हणजे नव्या फाईलींच्या साच्याला, कॉपी केलं की पुढच्या प्रत्येक नव्या फाईलमध्ये ते मिळतं, हे मात्र कामाचं आहे, दर जानेवारीत एकदा करून टाका. ज्यांना मॅक्रो येतो त्यांनी एक्सेलमध्ये सुट्ट्यांची यादी ठेवून कॅलेंडरच्या एक्सेप्शन्समध्ये कोडने भरावी, छोटासाच लूप आहे, तीन कॅलेंडर आणि पंचवीस सुट्ट्या असल्या की टायपिंगने बोटं दुखण्यापेक्षा बरं.

बाकीच्यांशी तुलना करायची तर प्रायमावेरा हे शेड्युलिंगचं दुसरं सॉफ्टवेअर मोठ्या कामाला लागतंच, टेंडरमध्येच लिहिलेलं असतं. तिथे ग्लोबल, प्रोजेक्ट आणि रिसोर्स असे कॅलेंडरचे सरळ तीन थर आहेत आणि खालचं कॅलेंडर वरच्या ग्लोबलच्या सुट्ट्या आपोआप उचलतं. म्हणजे सरकारने ईद हलवली की एका जागी बदलायचं, सगळ्या प्रोजेक्टला लागू, एमएस प्रोजेक्टमध्ये ही सुखं नाहीत. पण तासांची भानगड तिथे पण आहेच. दहा तासांच्या कॅलेंडरवरचं ५ दिवसांचं काम ॲडमिनच्या सेटिंगमध्ये ८ तास असतील तर ६.२५ दिवस दिसतं. असाइन केलेलं कॅलेंडर वापर अशी खूण ॲडमिनने केली की जातं, पण तो ॲडमिन सापडला पाहिजे. प्रोजेक्टलिब्रे फुकट आहे, शिकायला आणि छोट्या बंगल्याच्या कामाला पुरतं. आणि ज्यांना वीस ओळींचं शेड्युल करायचंय त्यांनी उगाच लायसन्स घेऊ नका, एक्सेलमध्ये वर्कडे डॉट इंटल फॉर्म्युला, सुट्ट्यांची यादी एका शीटवर, रविवार बंदचा कोड ११, झालं काम.

आखातात काम करणाऱ्यांसाठी वर्क वीक्स टॅब जास्तच उपयोगी आहे असं तिकडची आमची मंडळी सांगतात. युएईत २०२२ पासून सरकारी शनिवार-रविवार झाला, सौदीत शुक्रवार-शनिवार, आणि रमझानमध्ये युएईत रोजचे दोन तास कमी. तो एक महिना वेगळ्या वर्क वीकमध्ये टाकला की बाकी वर्ष शाबूत. ईदची तारीख तिकडे चंद्र दिसल्यावर नक्की होते, तेव्हा ती ओळ पेन्सिलने लिहिल्यासारखीच समजायची.

माझे मार्क, हिशेबाचं इंजिन पाचपैकी साडेचार, सुट्ट्या भरायची सोय दोन. डेस्कटॉप घेऊन ठेवलाच असेल तर पहिला अर्धा दिवस फक्त कॅलेंडरला द्या, टास्क नंतर. आणि बेसलाईन, म्हणजे तुलनेसाठी गोठवून ठेवलेल्या मूळ तारखा, लावायच्या आधी द्या, कारण बेसलाईननंतर सुट्टी वाढवली की तारखा सरकतात, बेसलाईन तिथेच, आणि न झालेला उशीर तुमच्या नावावर. आणि कंत्राटदाराकडून शेड्युल मागताना पीडीएफ घेऊ नका, मूळ एमपीपी फाईल मागा. एका मोठ्या कामावर आम्हाला आलेली फाईल अडीचशे पानी प्रिंटमध्ये फार देखणी होती, उघडली तर कॅलेंडर स्टँडर्ड, एक्सेप्शन शून्य, आणि मजूर मात्र शनिवारी कामावर. तेव्हापासून मी फाईल उघडली की आधी १५ ऑगस्टला जाते. तिथे करडा पट्टा नसेल तर पुढचं काही न वाचता परत पाठवते.